‘जसेच्या तसे’ची आज्ञा आणि वाचकांची साखळी : लाटेकमधील व्हर्बेटिम सुविधेची मराठी पाठाच्या संदर्भात चिकित्सा

प्रास्ताविक

महाविद्यालयीन संशोधनपत्रिकेचे स्वरूप बहुविद्याशाखीय असते. सोनपेठसारख्या तालुक्याच्या ठिकाणी, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात, अशी पत्रिका सिद्ध होते तेव्हा तिच्या एकाच अंकात शेजारच्या गंगाखेडच्या संत जनाबाईंच्या अभंगांवरील लेख, गणितातील एखाद्या प्रमेयावरील टिपण आणि सी भाषेतील आज्ञावलीसह लिहिलेला संगणकशास्त्राचा लेख असे तिन्ही प्रकार येऊ शकतात. या तिन्ही अभ्यासकांच्या विषयांत साम्य नसले तरी मुद्रणाकडून त्यांची एक मागणी समान असते. उद्धृत केलेला मजकूर जसा दिला तसाच छापून यावा, ही ती मागणी होय. अभंगातील अनुस्वार, समीकरणातील चिन्ह किंवा आज्ञावलीतील टक्केचिन्ह गळाले, तर वाचक तो दोष लेखकाचा मानतो. मुद्रणप्रक्रियेकडे कोणी बोट दाखवत नाही. म्हणून ‘जसेच्या तसे’ छपाईचा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी त्यात अभ्यासकाची विश्वासार्हता गुंतलेली आहे.

प्रस्तुत लेखात लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीतील व्हर्बेटिम या सुविधेची चिकित्सा केली आहे. ही सुविधा का बिघडते, तिच्या बिघाडांवरचे उपाय कितपत पुरेसे आहेत आणि देवनागरी लिपीतील मराठी मजकुराला ती कितपत न्याय देते, हे तीन मुद्दे विवेचनासाठी घेतले आहेत. लाटेकच्या आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहाव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत. म्हणजे या लेखातील आज्ञाही काटेकोर अर्थाने यथामूल नाहीत, हे आरंभीच नमूद करणे विषयाला धरून होईल.

व्हर्बेटिम : संकल्पना व कार्यपद्धती

टेक ही प्रणाली डोनाल्ड नुथ यांनी १९७७-७८ पासून विकसित केली. स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची अक्षरजुळणी त्यांना असमाधानकारक वाटली, हे तिच्या निर्मितीचे निमित्त होते. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात तिच्यावर लाटेकची उभारणी केली आणि त्यांचा मार्गदर्शक ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहेत. एकदा संगणकावर बसवल्यावर त्यांना इंटरनेटची गरज राहत नाही, आणि मूळ फाइल साध्या मजकुराची असल्याने ती कोणत्याही संगणकावर उघडता येते. ग्रामीण भागातील महाविद्यालयाच्या दृष्टीने हे गुण लहान नाहीत.

टेक मजकूर एकेक चिन्ह करून वाचते आणि वाचतानाच प्रत्येक चिन्हाला शून्य ते पंधरा अशा सोळा प्रवर्गांपैकी एक प्रवर्ग देते. तिरकी रेघ (\) आली की पुढे आज्ञा आहे असे ती समजते. महिरपी कंस गट दर्शवतात, $ गणिताचा आरंभ सांगते, & तक्त्यातील स्तंभ वेगळे करते, आणि % आले की त्या ओळीचा उर्वरित भाग टीप समजून सोडून दिला जातो. सी भाषेतील पाच ओळींच्या साध्या आज्ञावलीत #, %, \, & आणि महिरपी कंस ही सारी चिन्हे सहज येतात. लेखकाच्या दृष्टीने ती आज्ञावलीची अक्षरे असतात. टेकच्या दृष्टीने मात्र ती टेकला दिलेल्या सूचना ठरतात.

व्हर्बेटिमचे काम येथे सुरू होते. ओळीतील लहान उताऱ्यासाठी ‘\व्हर्ब’ ही आज्ञा आणि अनेक ओळींच्या उताऱ्यासाठी ‘व्हर्बेटिम’ हे परिसर वापरतात. दोन्हींमुळे विशेष चिन्हांचे प्रवर्ग तात्पुरते बदलतात आणि ती सामान्य चिन्हे म्हणून वाचली जातात. म्हणजे व्हर्बेटिम हा टंकाचा प्रकार नाही. टंकलेखन यंत्रासारखी समान रुंदीची अक्षरे हे तिचे बाह्य लक्षण आहे. अर्थ लावणे थांबवण्याचा आदेश हा तिचा गाभा आहे, आणि असा आदेश मजकूर वाचला जाण्यापूर्वी पोहोचला तरच त्याला अर्थ असतो. पुढील बहुतेक सर्व दोष या एका अटीच्या भंगातून निर्माण होतात.

दोषांचे स्वरूप व त्यांची कारणे

सर्वाधिक आढळणारा दोष दुसऱ्या आज्ञेच्या कंसात ‘\व्हर्ब’ वापरल्याने होतो. तळटीप, प्रकरणाचे शीर्षक, चित्राखालील ओळ ही त्याची नेहमीची ठिकाणे आहेत. तळटिपेची आज्ञा आपल्या कंसातील सगळा मजकूर आधी वाचून घेते. त्या वाचनात प्रत्येक चिन्हाचा प्रवर्ग कायम होतो. त्यानंतर ‘\व्हर्ब’ची पाळी येते, तेव्हा बदलण्यासारखे काही उरलेले नसते. उताऱ्यात % असेल तर परिस्थिती अधिक बिकट होते. त्या चिन्हापुढील भाग, कधी कधी समारोपाच्या कंसासह, टीप म्हणून गळतो. मग टेक तो हरवलेला कंस शोधत परिच्छेदाच्या किंवा फाइलच्या शेवटापर्यंत जाते आणि दोषाची सूचना मूळ चुकीपासून दूरच्या ओळीवर दाखवते. नवशिक्या वापरकर्त्याचा अर्धा दिवस या अंतरात जातो.

दुसरा दोष सीमाचिन्हाचा आहे. ‘\व्हर्ब’च्या लगेच पुढे येणारे चिन्ह उताऱ्याची सुरुवात दाखवते आणि तेच चिन्ह पुन्हा आले की उतारा संपतो, उदाहरणार्थ \व्हर्ब|५०%|. हे सीमाचिन्ह उताऱ्यात असता कामा नये आणि उतारा त्याच ओळीत संपला पाहिजे. अन्यथा ओळ संपल्यामुळे उतारा तुटल्याची सूचना मिळते. मराठी वापरकर्त्यासाठी आणखी एक बारकावा आहे. झीटेकमध्ये देवनागरी अक्षरांचा प्रवर्ग वर्णाक्षराचा असतो. त्यामुळे एखादे देवनागरी अक्षर सीमाचिन्ह म्हणून जोडले, तर ते आज्ञेच्या नावाचाच भाग समजले जाते आणि अशी आज्ञा अस्तित्वात नसल्याची तक्रार येते. उभी रेघ किंवा अधिकचे चिन्ह वापरणे हा त्यावरचा साधा मार्ग होय.

तिसरा दोष स्वतःचा परिसर तयार करताना होतो. व्हर्बेटिमचा आरंभ आणि शेवट नव्या नावाखाली गुंडाळण्याचा प्रयत्न अयशस्वी ठरतो, कारण हा परिसर आपला शेवट अक्षरशः शोधतो. अर्थ लावणे बंद असल्याने नव्या नावाच्या समाप्तीत दडलेली जुनी समाप्ती त्याला ओळखता येत नाही. ज्या आदेशाने अर्थनिर्णय थांबवला, त्याच्याकडून आता अर्थनिर्णयाची अपेक्षा करण्यासारखे हे आहे. बीमर या सादरीकरणाच्या साधनात चौकटीला ‘फ्रॅजाइल’ असे विशेषण दिल्याशिवाय व्हर्बेटिम चालत नाही, त्याचेही कारण हेच आहे. तेथे संपूर्ण चौकटच आधी वाचली जाते.

चौथ्या प्रकारचे दोष अधिक घातक आहेत, कारण त्यांत कोणतीही सूचना मिळत नाही. ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागा टेक मुळातच गाळते. व्हर्बेटिमचा आदेश तेथवर पोहोचत नाही. टॅबने दिलेली मोकळी जागा मूळ व्हर्बेटिममध्ये एका रिकाम्या जागेइतकी होते. पायथनसारख्या भाषेत ओळीच्या आरंभीचे अंतर हाच रचनेचा भाग असल्याने अशी छापील आज्ञावली विद्यार्थ्याने उतरवून घेतली तर ती चालेलच असे नाही. साधे अवतरणचिन्ह काही टंकांत वक्र होते आणि नक्कल केलेली आज्ञावली त्याच कारणाने फसते. पानावर सारे नीटनेटके दिसते, परंतु मजकूर बदललेला असतो.

उपाय आणि त्यांची समीक्षा

या दोषांवर गेल्या काही दशकांत अनेक पूरक संच तयार झाले. रायनर शॉप्फ यांच्या ‘व्हर्बेटिम’ संचाने परिसराची रचना सुधारली आणि बाहेरील फाइल जशीच्या तशी आत घेण्याची सोय केली. टिमोथी व्हॅन झांट यांच्या ‘फॅन्सीव्हर्ब’ संचाने स्वतःचे परिसर करण्याची, टॅबचे अंतर राखण्याची, उतारा आधी साठवून नंतर हव्या त्या ठिकाणी वापरण्याची आणि तळटिपेत व्हर्बेटिम चालवण्याची व्यवस्था केली. ‘अपकोट’ संच अवतरणचिन्ह सरळ ठेवतो. ‘सीप्रोटेक्ट’ संच कंसातील मजकूर वेगळ्या फाइलमध्ये लिहून पुन्हा वाचायला लावतो. ‘मिंटेड’ संच आज्ञावलीला रंग देण्यासाठी पिग्मेंट्स या बाहेरील साधनाची मदत घेतो.

या सर्व उपायांचे दोन वर्ग पडतात. काही उपाय वाचनापूर्वी हस्तक्षेप करतात. उतारा आधी साठवणे, बाहेरच्या फाइलमधून घेणे किंवा पुन्हा वाचायला लावणे हे त्यांपैकी होत. काही उपाय वाचनानंतर दुरुस्ती करू पाहतात. ई-टेकमधील ‘\डीटोकनाइझ’ ही आज्ञा दुसऱ्या वर्गातील आहे. ती वाचलेल्या आज्ञांना पुन्हा अक्षरांचे रूप देते, परंतु आज्ञेच्या नावापुढे स्वतःची रिकामी जागा घालते, # हे चिन्ह दुप्पट करते आणि % मुळे गळालेला मजकूर परत आणू शकत नाही. जे वाचकाने टाकून दिले ते नंतर कोणत्याही कौशल्याने मिळत नाही, असा या तुलनेचा निष्कर्ष निघतो. म्हणून पहिल्या वर्गातील उपाय तत्त्वतः श्रेष्ठ ठरतात.

याच ठिकाणी लाटेकच्या रचनेवर एक आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. नुथ यांनी मूळ प्लेन टेकमध्ये तळटिपेची आज्ञा अशी लिहिली होती की तिच्यातील मजकूर आधी गिळला जाऊ नये आणि प्रवर्ग बदलण्यास वाव राहावा. लाटेकमध्ये ही काळजी घेतली गेली नाही. वापरकर्त्याच्या हाती आला तो केवळ निषेध : दुसऱ्या आज्ञेच्या कंसात ‘\व्हर्ब’ वापरू नये. निषेध योग्य आहे, पण कारणाशिवाय दिलेला निषेध अपवादांपुढे निरुपयोगी होतो. साध्या तक्त्याच्या घरात ‘\व्हर्ब’ चालते आणि ‘टॅब्युलरएक्स’ संचाच्या तक्त्यात अडखळते, याचा उलगडा त्या एका वाक्याने होत नाही. पहिला तक्ता मजकूर चालता चालता वाचतो आणि दुसरा सगळा मजकूर आधी गोळा करतो, हे कळले की दोन्ही वर्तने सुसंगत वाटू लागतात. दोषनिवारणाच्या पाठ्यसामग्रीने नियमांच्या याद्यांपेक्षा हे कारण शिकवणे अधिक उपयुक्त ठरेल.

लाटेकच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. शब्दप्रक्रियेच्या नेहमीच्या साधनांत अवतरणचिन्हे वक्र करणे, पहिले अक्षर मोठे करणे, दोन लहान रेघांची एक लांब रेघ करणे असे बदल न विचारता घडू शकतात. लाटेकमध्ये ‘येथे अर्थ लावू नये’ असे सांगण्यासाठी निदान स्वतंत्र आज्ञा आहे. मर्यादा असलेली पण घोषित सुविधा ही अघोषित हस्तक्षेपापेक्षा अभ्यासकाला केव्हाही परवडते.

देवनागरी मजकूर आणि व्हर्बेटिम

आतापर्यंतची चर्चा रोमन लिपीतील आज्ञावलीला धरून झाली. मराठी उताऱ्याच्या बाबतीत प्रश्नाचे स्वरूप बदलते.

टेकमध्ये देवनागरी आणण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न फ्रान्स व्हेल्थुइस यांनी १९९१ मध्ये केला. त्यात मजकूर रोमन लिप्यंतरात लिहून आधी एका पूर्वप्रक्रियेतून न्यावा लागे. जोनाथन क्यू यांचे झीटेक २००४ मध्ये आले आणि युनिकोड देवनागरी थेट लिहिता येऊ लागली. या बदलाने मोठी सोय झाली. तथापि व्हर्बेटिममध्ये मराठी उतारा घातल्यास अनेकदा तो पानावर उमटतच नाही. याचे कारण असे की व्हर्बेटिमसाठी वेगळा, समान रुंदीचा टंक योजलेला असतो आणि मूळ योजनेतील अशा टंकात देवनागरी अक्षरे नसतात. मुख्य मजकुराचा टंक मराठी असला तरी व्हर्बेटिमचा टंक रोमनच राहतो. प्रणाली अक्षर गाळते, त्याची नोंद लॉग फाइलमध्ये करते आणि काम पुढे चालू ठेवते. उपाय सोपा आहे. समान रुंदीच्या टंकाच्या जागी देवनागरी टंक स्पष्टपणे नेमावा, लिपी देवनागरी व भाषा मराठी असल्याचे सांगावे, आणि पॉलिग्लॉसिया संच वापरत असल्यास देवनागरीचा टंकलेखनी टंक वेगळा घोषित करावा. भाषा सांगितली नाही तर टंकात सोय असूनही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीत रुळलेली रूपे मिळत नाहीत. अभंगाचा उतारा गाळूनही प्रक्रिया यशस्वी झाल्याचे भासावे, ही मात्र या प्रणालीची गंभीर उणीव मानावी लागेल.

याहून मूलभूत अडचण समान रुंदीच्या कल्पनेत आहे. एक चिन्ह म्हणजे एक घर, हे रोमन टंकलेखन यंत्राचे गृहीतक व्हर्बेटिमने वारशाने घेतले आहे. देवनागरीत क, हलन्त आणि ष या तीन संकेतांचे ‘क्ष’ हे एकच रूप होते. ‘कि’मधील वेलांटी संकेतक्रमात क नंतर असते आणि दिसते मात्र त्याच्या आधी. म्हणजे अर्थ लावणे थांबवले तरी लिपीची जुळणी थांबवता येत नाही. ती थांबवली तर मराठी वाचताच येणार नाही. ‘लिस्टिंग्ज’ हा आज्ञावली छापण्याचा लोकप्रिय संच मुळात एका बाइटच्या चिन्हांसाठी रचलेला असून चिन्हे घराघरांत बसवतो. त्यामुळे त्यात देवनागरी टिपा घातल्या की जोडाक्षरे तुटण्याचा धोका असतो. देवनागरी टंकलेखन यंत्रालाही अर्धी अक्षरे आणि काना वेगळे करूनच लिपी घरांत बसवावी लागली होती. संगणकावर ती तडजोड पुन्हा करण्याचे कारण नाही. मराठी उताऱ्यासाठी यथामूलतेचा निकष अक्षरांच्या समान रुंदीत शोधण्याऐवजी संकेतांचा क्रम अबाधित राहण्यात शोधला पाहिजे.

हा क्रम किती नाजूक असतो याचे उदाहरण मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांत फरक आहे तो रफाराचा. दुसऱ्या शब्दातील चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. त्यासाठी ऱ हा स्वतंत्र संकेत वापरता येतो, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा क्रम देता येतो. दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या मजकुरातील अदृश्य चिन्ह एखाद्या साधनाने ‘स्वच्छता’ म्हणून काढून टाकले, तर स्वयंपाकी क्षणात विद्वान होतो. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांचेही तसेच. हा बदल मुद्रितशोधकाच्या सहज लक्षात येत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. व्हर्बेटिमला याबद्दल दोष देता येत नाही. तिच्यापर्यंत मजकूर पोहोचण्यापूर्वीच तो बदललेला असतो.

येथे प्रस्तुत चिकित्सेचा मध्यवर्ती मुद्दा स्पष्ट होतो. मजकुराचा वाचक एकच नसतो. लेखकाने वापरलेले टंकलेखनाचे साधन, रूपांतरक, टेक, टंकातील जुळणी आणि शेवटी पीडीएफ दाखवणारे साधन अशी वाचकांची साखळी असते. ‘जसेच्या तसे’ ही आज्ञा या साखळीतील एकालाच दिलेली असते. जुन्या श्रीलिपी किंवा आयएसएम पद्धतीच्या टंकांत जुळवलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसत असला तरी साठवलेला असतो वेगळ्याच संकेतांत. तो युनिकोडमध्ये आणताना रूपांतरक हा एक नवा वाचक मध्ये येतो. पीडीएफमधून मराठी मजकूर उचलताना वेलांट्या आणि रफार जागा सोडतात, तो दोष साखळीच्या दुसऱ्या टोकाचा. झीटेकमध्ये मूळ मजकूर पीडीएफसोबत नोंदवून ठेवण्याची सोय त्यासाठीच उपलब्ध आहे. दोषनिवारणाचा पहिला प्रश्न म्हणून ‘आज्ञा कोणती चुकली’ याऐवजी ‘मजकूर कोणत्या वाचकाने बदलला’ असा असावा.

मराठी संपादनपरंपरेतील यथामूलता

हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या पाठाचे शुद्धीकरण केले आणि त्या पाठात कोणी आपली ओवी मिसळू नये असा इशारा समारोपात दिला. नकलाकारांच्या साखळीत पाठ बदलतो याची ती स्पष्ट जाणीव होती. एकनाथांचा इशारा पुढच्या वाचकांसाठी होता. मागच्या नकलाकारांनी केलेले बदल शोधण्यासाठी त्यांना प्रतींचीच शहानिशा करावी लागली.

वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. अस्सल पत्रे त्यांच्या मूळ भाषेत वाचकांपुढे ठेवण्याच्या कामाला त्यामुळे बळ आले. परंतु मोडीतील पत्र बाळबोधीत छापणे हे कितीही निष्ठेने केले तरी पूर्णपणे यथामूल असू शकत नाही. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सामान्यतः पाळला जात नाही आणि शब्द सलग लिहिले जातात. बाळबोधीत आणताना वेलांटी कोणती द्यायची आणि शब्द कोठे तोडायचा, हे संपादकाला ठरवावेच लागते. देवनागरी व्हर्बेटिममध्ये जुळणी टाळता येत नाही, तसेच येथे निर्णय टाळता येत नाही. निर्णय कोठे घेतला हे सांगणे मात्र संपादकाच्या हातात असते.

मराठी शुद्धलेखनाच्या नियमांतही एक व्हर्बेटिम आहे, याकडे फारसे लक्ष जात नाही. मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्यांनुसार केशवसुतपूर्व पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरपूर्व गद्य यांतील उतारे मुळाप्रमाणे छापायचे असतात. या दोघांचे आणि त्यानंतरचे लेखन नव्या नियमांनुसार. जनाबाईंचा अभंग या नियमाने सुरक्षित राहतो. पण सीमा कालावर आखल्याने अडचण उद्भवते. चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली. ही सीमा मानली तर महात्मा जोतीराव फुले यांची १८७३ ची ‘गुलामगिरी’ अलीकडे न येता मुळाप्रमाणे छापली जाईल आणि १८८३ चा ‘शेतकऱ्याचा असूड’ नव्या लेखननियमांत बसवला जाईल. एकाच लेखकाची भाषा दोन नियमांनी छापली गेली, तर तिच्या बोलीविशेषांचा तौलनिक अभ्यास करणारा विद्यार्थी लेखकाच्या नव्हे, छपाईच्या फरकांचा अभ्यास करत बसेल.

या उदाहरणातून लाटेकच्या बाजूने एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. लाटेकमध्ये यथामूल भागाचा आरंभ आणि शेवट मजकुरातच लिहिलेला असतो. कोणत्या ओळीपासून कोणत्या ओळीपर्यंत हस्तक्षेप नाही, हे फाइल उघडणाऱ्या कोणालाही दिसते. संशोधनलेखातील मराठी उताऱ्यांना मात्र अशी खूण क्वचितच असते. उतारा अवतरणचिन्हांत असतो, परंतु त्यातील लेखन मूळ प्रतीचे आहे की आधुनिक केलेले, हे बहुधा कळत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. व्हर्बेटिम ही टंकाची शैली समजल्याने तिचे बहुतेक दोष अनाकलनीय वाटतात. ती वाचनापूर्वी द्यावयाची सूचना आहे असे मानले की तळटीप, शीर्षक, सादरीकरणाची चौकट आणि स्वनिर्मित परिसर येथील दोष एकाच कारणाखाली येतात.

२. वाचनापूर्वी हस्तक्षेप करणारे उपाय, म्हणजे उतारा साठवणे किंवा स्वतंत्र फाइलमधून घेणे, हे वाचनानंतरच्या दुरुस्तीपेक्षा विश्वसनीय आहेत.

३. मराठी उताऱ्यासाठी समान रुंदीचा आग्रह सोडून देवनागरी टंक, मराठी भाषा आणि संकेतांचा अबाधित क्रम यांना प्राधान्य द्यावे. लॉग फाइलमधील गहाळ अक्षरांच्या नोंदी पाहिल्याशिवाय पान अंतिम समजू नये.

४. महाविद्यालयीन पत्रिकेने प्रत्येक अंकापूर्वी एक कसोटीपान छापून पाहावे. त्यात आचार्यांना व आचाऱ्यांना, दर्या व दऱ्या, ऱ्हास, क्ष, ज्ञ, ल, श, ॲ, अवग्रह, टेकची सर्व विशेष चिन्हे, सरळ अवतरणचिन्ह, टॅब आणि चार रिकाम्या जागा असाव्यात. छापील पान आणि पीडीएफमधून परत उचललेला मजकूर, दोन्ही मूळ फाइलशी ताडून पाहावेत. दोष कोणत्या टप्प्यावर शिरतो हे त्यातून समजते.

५. लेखकाने उताऱ्याखाली मूळ प्रत, तिचे वर्ष आणि लेखनात बदल केला आहे किंवा नाही, हे एका ओळीत नमूद करावे. संपादकानेही ती ओळ मागून घ्यावी.

अर्थ लावणे पूर्णपणे टाळता येत नाही, हे देवनागरीने आणि मोडीने सारखेच दाखवून दिले आहे. तो कोठे लावला आणि कोठे थांबवला, एवढे प्रामाणिकपणे सांगणे मात्र मुद्रकाला, संपादकाला आणि अभ्यासकाला शक्य आहे. गंगाखेडच्या जनाबाईंचा अभंग असो की सोनपेठच्या वर्गात लिहिलेली सी भाषेतील पाच ओळींची आज्ञावली, पुढील वाचकाला ती मूळ रूपात मिळणे हा त्याचा हक्क आहे.